उपग्रहांची जमिनीवरून देखभाल: नागपुरात मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवृत्त होऊन नागपूरला परत आल्यापासून घरी दोन प्रकारची मंडळी येतात. दहावी-बारावीची आणि इंजिनिअरिंगची मुलं, आणि त्यांच्यानंतर आठ-दहा दिवसांनी त्यांचे आईबाप. दोघांचे प्रश्न वेगळे असतात, पण दरवेळी तेच असतात. म्हणून एकदा नीट लिहून काढते आहे.

माझी सगळी नोकरी बंगळूरला, उपग्रह-नियंत्रणाच्या कक्षात झाली. मी रॉकेट बांधलं नाही, उपग्रहही बनवला नाही. उपग्रह वर पोचल्यावर त्याला सांभाळणाऱ्या माणसांपैकी मी एक. या कामावर माझा फार जीव आहे, आणि उत्तरांमध्ये तो दिसणारच.

काकू, तुम्ही नेमकं काय करत होत्या? रॉकेट सोडायच्या का?

रॉकेट श्रीहरिकोट्याहून सुटतं. पीएसएलव्हीसारखं रॉकेट साधारण सतरा-अठरा मिनिटांत उपग्रहाला कक्षेत सोडतं आणि त्याचं काम संपतं. टीव्हीवर टाळ्या वाजतात तिथे आमची सुरुवात होते. पुढची पाच, सात, कधी दहा-बारा वर्षं तो उपग्रह जमिनीवरच्या माणसांच्या ताब्यात असतो. त्याची तब्येत बघायची, त्याला काय करायचं ते सांगायचं, त्याने काढलेले फोटो आणि मोजमापं उतरवून घ्यायची, कक्षा बिघडली की सुधारायची.

इस्रोमध्ये या कामासाठी ‘इस्ट्रॅक’ ही संस्था आहे. १९७६ साली सुरू झाली, मुख्यालय बंगळूरला. तिची केंद्रं लखनौ, श्रीहरिकोटा, पोर्ट ब्लेअर, तिरुवनंतपुरम इथे आहेत आणि देशाबाहेर मॉरिशस, ब्रुनेई, इंडोनेशियातलं बियाक इथेही आहेत. चंद्र-मंगळाच्या मोहिमांसाठी बंगळूरजवळच्या ब्यालालू गावात १८ मीटर आणि ३२ मीटर व्यासाच्या मोठ्या अँटेना आहेत. टीव्ही आणि दूरसंचाराचे उपग्रह ३६,००० किलोमीटरवर असतात, त्यांचं नियंत्रण कर्नाटकात हासनहून आणि आपल्या शेजारी भोपाळहून होतं. भोपाळचं केंद्र २००५ सालचं. नागपूरकरांना हे सांगितलं की आश्चर्य वाटतं, कारण भोपाळ म्हणजे आपल्याकडे सकाळी निघून दुपारी पोचायचं गाव.

उपग्रह तर एकदा सोडला की आपोआप फिरतो. मग चोवीस तास माणसं कशाला लागतात?

फिरतो आपोआप, टिकत मात्र नाही. पाचशे-आठशे किलोमीटरवरही हवेचा अगदी विरळ अंश असतो, तो उपग्रहाला हळूहळू खाली ओढतो. सूर्यावर वादळ उठलं की तीच हवा फुगते आणि ओढ वाढते. दर फेरीत उपग्रह साधारण अर्धा तास पृथ्वीच्या सावलीत जातो, तेव्हा त्याला बॅटरीवर जगावं लागतं. उन्हात एक बाजू भाजते, सावलीत सगळंच गारठतं. एखादा वैश्विक कण येऊन मेमरीतला एक बिट उलटा करून जातो. जुन्या रॉकेटचा एखादा तुकडा वाटेत येतो आणि टक्कर टाळायला कक्षा थोडी हलवावी लागते.

यातलं बरंच उपग्रह स्वतः निभावतो. फार बिघडलं तर तो ‘सेफ मोड’मध्ये जातो, म्हणजे बाकी कामं सोडून वीज बनवणारी सौर पॅनेल सूर्याकडे धरतो आणि जमिनीवरून कोणी काही सांगेल याची वाट बघतो. ते सांगणारं कोणीतरी जागं हवं.

‘पास’ म्हणजे काय? तुमच्या बोलण्यात हा शब्द सारखा येतो.

हा माझ्या आवडीचा प्रश्न आहे, त्यामुळे उत्तर लांब होणार.

आपल्या नागपूर स्टेशनावरून दिल्ली-चेन्नईच्या, मुंबई-हावड्याच्या गाड्या जातात. नात्यातलं कोणी त्या गाडीने जात असलं की आपण डबा घेऊन प्लॅटफॉर्मवर उभे राहतो. गाडी थोडाच वेळ थांबते. तेवढ्यात डबा द्यायचा, संत्र्यांची पिशवी द्यायची, आईच्या गुडघ्याचं विचारायचं, पोराच्या निकालाचं विचारायचं. गाडी सुटली की सुटली. पास म्हणजे तेच. उपग्रह आपल्या क्षितिजावर उगवल्यापासून मावळेपर्यंतचा वेळ.

आता नागपूरकरांसाठी खास गोष्ट. दूरसंवेदन करणारे, म्हणजे वरून जमिनीचे फोटो काढणारे, रिसोर्ससॅटसारखे आपले उपग्रह साधारण ८१७ किलोमीटर उंचीवरून, ध्रुवांवरून फिरतात, सुमारे १०१ मिनिटांना एक फेरी. भारतावर ते सकाळी साडेदहाच्या आसपास उत्तरेकडून दक्षिणेकडे येतात. ज्या दिवशी असा उपग्रह बरोबर नागपूरच्या डोक्यावरून जातो, त्या दिवशी तो बंगळूरच्याही जवळपास डोक्यावरून जातो. उपग्रहाची वाट किंचित पश्चिमेकडे कललेली असते, खालून पृथ्वीही फिरत असते, आणि बंगळूर आपल्यापेक्षा जरा पश्चिमेला आहे. सगळा हिशोब जुळून येतो. नागपूर ते बंगळूर हे अंतर तो सव्वादोन मिनिटांत कापतो. आम्हाला तेवढ्यासाठी गाडीत एक अख्खी रात्र काढावी लागायची.

असा पास कन्सोलवरून, म्हणजे नियंत्रण-कक्षातल्या आमच्या पडद्यांसमोरून, कसा दिसतो ते सांगते. वेळेच्या आधी अँटेना उत्तर क्षितिजाकडे वळवून ठेवलेली असते. कमांडची यादी छापून समोर असते, दोघांनी ताडून सह्या केलेल्या. उपग्रह तिबेटच्या उत्तर टोकाला असतानाच बंगळूरच्या क्षितिजावर पाच अंश वर येतो. रिसीव्हरच्या पडद्यावर तोवर नुसता खरखरीत गोंधळ असतो, त्यातून एक बारीक शेंडा वर निघतो. तो एका जागी राहत नाही, कारण उपग्रह सेकंदाला सात-साडेसात किलोमीटर वेगाने आपल्याकडे येत असतो आणि डॉप्लरमुळे, म्हणजे जवळ येणाऱ्या गाडीच्या शिट्टीचा सूर चढलेला ऐकू येतो तसं, त्याची फ्रिक्वेन्सी एस-बँड या रेडिओ पट्ट्यात पन्नास किलोहर्ट्झपर्यंत सरकलेली असते. रिसीव्हर तिला पकडतो. पलीकडून सहकाऱ्याचा आवाज येतो, “लॉक,” म्हणजे सिग्नल पक्का पकडला. आणि पडद्यावरचे गोठलेले आकडे एकदम हलायला लागतात.

माझी नजर आधी उपग्रहाच्या घड्याळाकडे जायची. घड्याळ बरोबर पुढे सरकतंय म्हणजे संगणक मध्ये बंद पडून पुन्हा सुरू झालेला नाही. मग बॅटरीचा व्होल्टेज, मग तापमानं, मग रिअ‍ॅक्शन व्हील म्हणजे उपग्रहाला वळवणाऱ्या चाकांचा वेग, मग तो ठरलेल्या दिशेला किती नेमका बघतोय ते. हे झालं की कमांड. एक पाठवायची, उपग्रहावरचा कमांडचा आकडा एकाने वाढला का बघायचं, मग पुढची.

साधारण चार मिनिटं होतात आणि उपग्रह नागपूरवर येतो. मी मनात दरवेळी म्हणायची, आत्ता सीताबर्डीवर असेल. बंगळूरहून तेव्हा तो आकाशात पस्तीस अंश वर असतो. पुढची दोन मिनिटं अवघड. बहुतेक अँटेना आडव्या आणि उभ्या अशा दोन अक्षांवर फिरतात. उपग्रह कडेने गेला तर काही अडचण नसते. तो बरोबर डोक्यावरून गेला तर उत्तरेकडे तोंड केलेल्या अँटेनाला काही क्षणांत गर्रकन दक्षिणेकडे फिरावं लागतं, आणि एवढं जड धूड तितक्या वेगाने फिरत नाही. म्हणून संगणक आधीपासूनच तिला वळवायला घेतो आणि सिग्नल जरासा ढळू देतो, तुटू देत नाही. नागपूरवरून आलेला पास म्हणजे हाच, सगळ्यात उंच आणि सगळ्यात त्रासाचा. नंतर उतार. उपग्रह हिंदी महासागरावर जातो, सिग्नल क्षीण होतो, लॉक सुटतो. सगळं मिळून तेरा मिनिटांच्या आत.

त्यानंतर लॉगबुक. काय पाठवलं, काय आलं, काय नेहमीसारखं नव्हतं.

उपग्रहाशी बोलता म्हणजे आवाजात?

नाही, रेडिओ लहरींवरून आकड्यांत. त्याच्याकडून येतात ती टेलिमेट्री, आपण पाठवतो ती कमांड. तिसरं काम अंतर मोजण्याचं: एक ठरावीक सूर पाठवायचा, उपग्रह तो परतवतो, जाऊन यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं.

इतकी वर्षं पडद्यावरचे आकडे बघून कंटाळा नाही आला?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारतात, आणि विचारणाऱ्याच्या तोंडावर थोडी कीवही असते. मी अगदी मनापासून सांगते, नाही आला.

त्याचं कारण असं. ज्या वस्तूची तुम्ही वर्षानुवर्षं काळजी घेता ती तुम्हाला कधीच दिसणार नसते. उपग्रह एकदा रॉकेटच्या नाकाडात बंद होऊन उडाला की त्याला पुन्हा कुठल्याही माणसाचा हात लागत नाही. त्याच्याबद्दल जे काही कळतं ते त्या आकड्यांतून. मग हळूहळू ते आकडे वाचायची सवय लागते. एकाच मालिकेतले दोन उपग्रह, तोच आराखडा, तेच कारखान्यातले हात, तरी वर गेल्यावर दोघांच्या खोडी वेगळ्या. एकाची बॅटरी सावलीतून बाहेर आल्यावर जरा जास्तच तापते. दुसऱ्याचा एक जायरो, म्हणजे उपग्रह किती वळला ते मोजणारं यंत्र, सुरू केल्यावर पहिला अर्धा तास नीट बोलत नाही, मग सुतासारखा सरळ. हे कुठल्याही पुस्तिकेत नसतं. शिफ्ट बदलताना जुना माणूस नव्या माणसाला सांगतो: “याच्याकडे लक्ष ठेव, पण घाबरू नकोस.”

प्रत्येक आकड्याला मर्यादा घातलेल्या असतात. आत असला तर हिरवा, काठावर पिवळा, बाहेर गेला तर लाल. नवीन मुलं रंग बघतात. मुरलेली माणसं हिरव्यातलाच आकडा बघून म्हणतात, “आज हे कालच्यापेक्षा जास्त आहे.” आमच्याकडे एका रात्री असंच झालं. एका चाकाच्या मोटरचा करंट थोडा वर होता, पूर्ण हिरव्यात. माझ्या शेजारच्या सहकाऱ्याने मागच्या महिन्याचे आलेख उघडले, आणि तो करंट रोज केसभर चढत आल्याचं दिसलं. बेअरिंगमधलं वंगण आटत होतं. संगणकाने तोंड उघडायच्या कितीतरी आधी आम्ही त्या चाकावरचा भार कमी केला, आणि ते पुढे बराच काळ चाललं. त्या दिवसाची बातमी कुठे आली नाही, येण्यासारखं काही घडलंच नव्हतं. त्या रात्री घरी जाताना मला जो आनंद झाला तो मला दुसऱ्या कशात मिळाला नाही.

शांत पास मला सगळ्यात प्रिय. सगळं नेहमीसारखं, लॉगबुकात दोन ओळी. त्या दोन ओळींमागे किती लोकांची किती सावधगिरी आहे ते आत बसणाऱ्याला माहीत असतं.

चांद्रयान उतरताना कंट्रोल रूममधले लोक काय करत होते? टीव्हीवर तर नुसते बसलेले दिसले.

बरोबर दिसलं तुम्हाला. २३ ऑगस्ट २०२३ला संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास चांद्रयान-३च्या लँडरने स्वतःहून उतरायला सुरुवात केली आणि ६ वाजून ४ मिनिटांनी तो चंद्रावर टेकला. मधल्या एकोणीस मिनिटांत जमिनीवरून कोणी काही करू शकत नव्हतं. रेडिओ लहरीला चंद्राहून यायला सव्वा सेकंदाहून जास्त लागतो. ऐकून, विचार करून, उत्तर पाठवेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून सगळी अक्कल आधीच लँडरमध्ये भरून ठेवावी लागते. ती माणसं बसलेली दिसत होती, कारण त्यांचं काम त्याच्याआधीच संपलं होतं: महिनोन्‌महिने केलेले सराव, मुद्दाम बिघाड घालून घेतलेल्या परीक्षा, दोन-दोन वेळा ताडलेल्या कमांड.

मंगळाला तर अंतर इतकं की २४ सप्टेंबर २०१४ला मंगळयान कक्षेत शिरलं तेव्हा सिग्नलला यायला साडेबारा मिनिटं लागत होती. यानाचं मुख्य इंजिन दहाएक महिने बंद होतं. दोन दिवस आधी ते चार सेकंद चालवून बघितलं. खऱ्या दिवशी ते तेवीसएक मिनिटं चाललं, आणि मधला काही काळ यान मंगळाच्या आड होतं, म्हणजे ऐकूही येत नव्हतं.

मला यातली एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. सप्टेंबर २०१९मध्ये चांद्रयान-२चा लँडर उतरताना हरवला तेव्हा सगळा देश हळहळला. पण त्याच मोहिमेचा ऑर्बिटर चंद्राभोवती ठणठणीत फिरत राहिला, आणि त्याला चार वर्षं रोज कोणीतरी सांभाळत होतं. त्याच ऑर्बिटरच्या कॅमेऱ्याचे फोटो पुढच्या वेळी उतरण्याची जागा निवडायला कामी आले. २१ ऑगस्ट २०२३ला चांद्रयान-३चा लँडर खाली यायच्या तयारीत असताना त्याचा या जुन्या ऑर्बिटरशी संपर्क जोडला गेला, निरोप पोचवायला एक जादा वाट तयार झाली. ती बातमी वाचून माझे डोळे भरून आले. मधल्या चार वर्षांत त्या ऑर्बिटरच्या शिफ्टवर कोण होतं ते कोणाला माहीत नाही. मला त्या सगळ्यांना नमस्कार करायचा आहे.

वर काही बिघडलं तर दुरुस्त करायला जाता येत नाही. मग?

मग जे शिल्लक आहे त्यात भागवायचं. चांद्रयान-१ घ्या. २२ ऑक्टोबर २००८ला उडालं. २००९च्या उन्हाळ्यापर्यंत त्याचे स्टार सेन्सर, म्हणजे तारे बघून दिशा ओळखणारे डोळे, निकामी झाले. जमिनीवरच्या लोकांनी जायरोंच्या मदतीने आणि इतर खुणांवरून त्याची दिशा सांभाळायची रीत बसवली. मे महिन्यात त्याची कक्षा १०० किलोमीटरवरून २०० किलोमीटरवर नेली. आंधळ्या यानाकडून त्यांनी पुढचे तीन महिने काम करून घेतलं.

अलीकडचं उदाहरण नासाच्या व्हॉयेजर-२चं, १९७७ साली सुटलेलं. जुलै २०२३मध्ये त्याला चुकीची कमांड गेली आणि त्याची अँटेना पृथ्वीपासून दोन अंश बाजूला वळली. दोनच अंश, पण संपर्क गेला. मग ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळच्या ७० मीटरच्या अँटेनाने पूर्ण ताकदीने कमांड पाठवली. तिला पोचायला साडेअठरा तास, उत्तर यायला तेवढेच. सदतीस तास वाट बघितल्यावर यान पुन्हा बोलायला लागलं.

माझ्या क्षेत्रातल्या कोणालाही ते सदतीस तास कसे गेले असतील हे समजावून सांगावं लागत नाही.

उपग्रह बंद पडला की वाईट वाटतं?

हो, वाटतं. चांद्रयान-१चा संपर्क २९ ऑगस्ट २००९च्या पहाटे तुटला. मंगळयानाने सहा महिन्यांसाठी जाऊन आठ वर्षं काढली आणि २०२२मध्ये ते गप्प झालं. लोकांनी “चला, पैसा वसूल झाला” म्हटलं. ते खरंच आहे. पण ज्याच्या घड्याळाकडे रोज बघत होतो ते घड्याळ आता दिसणार नाही, याचं दुःख होतंच, आणि ते व्हायला हवं असं मला वाटतं.

पुढे २०१६मध्ये अमेरिकेतल्या रडारनी चंद्राभोवती चांद्रयान-१ शोधून काढलं. मुकं आहे, पण अजून फिरतं आहे.

चंद्रपूरकडे आकाशातून पडलं होतं ते काय होतं? त्याचा तुमच्या कामाशी संबंध आहे का?

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भात कितीतरी लोकांनी आकाशातून जळत जाणारी रेघ बघितली, आणि सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावाच्या शिवारात धातूचं मोठं कडं सापडलं. चीनच्या लाँग मार्च रॉकेटचा वापरून झालेला टप्पा पृथ्वीवर परत येताना त्याचे अवशेष पडले असावेत, असं अभ्यासकांनी सांगितलं.

संबंध आहे, आणि अगदी जवळचा आहे. जे वर पाठवलं त्याचा शेवटही नीट करणं ही जमिनीवरच्या लोकांची जबाबदारी असते. मेघा-ट्रॉपिक्स हा भारत आणि फ्रान्सचा मिळून केलेला उपग्रह २०११ साली गेला होता. त्याचं आयुष्य संपल्यावर त्यात उरलेलं इंधन वापरून, टप्प्याटप्प्याने कक्षा खाली आणत, ७ मार्च २०२३ला त्याला पॅसिफिक महासागरावर, वस्तीपासून दूर, वातावरणात उतरवून जाळलं. हे त्याच्या मूळ आराखड्यात नव्हतं. कन्सोलवरच्या लोकांनी ते करून दाखवलं. कोणाच्याही शिवारात काही न पडू देणं, याला मी आमच्या कामातल्या सगळ्यात सभ्य गोष्टींपैकी एक मानते.

मुलीला रात्रपाळी करावी लागेल. लग्नाचं कसं होईल?

ताई, रात्रपाळी आहे. तीन पाळ्या असतात, आणि उपग्रहाला दिवाळी कळत नाही. मी कित्येक तान्हे पोळे आणि मारबती घरच्यांकडून फोनवर ऐकल्या. भाऊबीज भावाने बंगळूरला येऊन साजरी केली आहे. घरच्यांची साथ लागते हे मी लपवणार नाही, आणि ज्या घरात ती मिळत नाही तिथे फार ओढाताण होते.

पण या कक्षांमध्ये बायका पहिल्यापासून आहेत, आणि वरच्या जागांवर आहेत. मंगळयानाच्या वेळी नंदिनी हरिनाथ आणि रितू करिधाल या दोघी उप-संचालन संचालक होत्या. म्हणजे यान जमिनीवरून चालवण्याचीच जबाबदारी. मुलगी हुशार असेल आणि तिला आवड असेल, तर रात्रपाळीच्या नावाने तिची वाट अडवू नका. लग्नाचं ती ठरवेल.

पगार?

सातव्या वेतन आयोगानुसार इस्रोत शास्त्रज्ञ-अभियंता म्हणून लागल्यावर मूळ वेतन ५६,१०० रुपये, त्यावर महागाई भत्ता आणि बाकीचं. खासगी आयटीत याहून जास्त देणारे आहेत.

त्यासाठी शिकावं काय? आयआयटीच लागते का?

नाही लागत. मी नागपूरच्याच कॉलेजात शिकले. मार्ग असे: बारावीनंतर तिरुवनंतपुरमची आयआयएसटी, म्हणजे अवकाश विज्ञान आणि तंत्रज्ञान शिकवणारी संस्था, तिथे जेईई अ‍ॅडव्हान्स्डवरून प्रवेश मिळतो. किंवा कुठल्याही मान्य कॉलेजातून इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर, मेकॅनिकलची पदवी चांगल्या गुणांनी घेऊन इस्रोची भरती. निकष दरवर्षीच्या जाहिरातीतच वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

आईबाप ज्याकडे दुर्लक्ष करतात तो तिसरा मार्ग: पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून टेक्निकल असिस्टंट, आयटीआय करून टेक्निशियन, बीएस्सी करून सायंटिफिक असिस्टंट. अँटेना चालती ठेवणारी माणसं बहुतेक याच वाटेने येतात. तिच्या गिअरबॉक्सचा आवाज बदललेला त्यांना आधी कळतो. त्यांच्याशिवाय एकही पास होत नाही.

२०२०नंतर हे क्षेत्र खासगी कंपन्यांनाही खुलं झालं. बंगळूर आणि हैदराबादेत स्वतःचे उपग्रह चालवणाऱ्या लहान कंपन्या आहेत. तिथे पायथॉन आणि लिनक्स येणाऱ्याला, रेडिओ समजणाऱ्याला जागा आहे.

मराठी माध्यमातून शिकलं तर चालेल?

चालेल. कन्सोलवरचं इंग्रजी थोडकं आणि ठरलेलं असतं, महिन्याभरात तोंडात बसतं. गणित मात्र पक्कं हवं.

नागपुरात या क्षेत्रातलं काही आहे का, की बंगळूरच?

उपग्रह चालवण्याचं काम इथे नाही. उपग्रहाने पाठवलेलं वापरण्याचं काम मात्र इथे जोरात चालतं. अमरावती रोडला इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचं मध्य विभागीय केंद्र आहे. व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या आवारात महाराष्ट्र शासनाचं दूरसंवेदन केंद्र, एमआरसॅक, आहे, १९८८ पासून. हैदराबादजवळ शादनगरला उतरलेला डेटा अशा ठिकाणी येऊन पिकांचे, जंगलांचे, पाण्याचे नकाशे होतो. नोकरीत असताना एकदा सुट्टीत मी एका ओळखीच्यांकडे विदर्भातल्या कापसाच्या पट्ट्याचं चित्र बघितलं. ज्या उपग्रहाचं व्होल्टेज आणि तापमान मी रोज बघायची त्याच उपग्रहाने ते काढलं होतं. तो काय बघतो ते मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं, आणि आमच्या गावाजवळचा नाला त्यात बोटाने शोधून काढला.

लहान मुलं असतील तर गांधीसागरजवळ रमण विज्ञान केंद्र आहे, तारांगणासकट. आधी तिथे न्या.

कोणाला हे काम जमत नाही?

ज्याला रोज काहीतरी नवीन घडायला हवं त्याला. आणि ज्याला “मला माहीत नाही, थांबा, विचारतो” म्हणायला कमीपणा वाटतो त्याला तर मुळीच नाही. पास चालू असताना आत्मविश्वासाने दिलेली चुकीची कमांड परत बोलावता येत नाही. मी बघितलेली उत्तम माणसं बहुतेक संथ बोलणारी होती, आणि बोललेलं लिहून ठेवणारी.

घरबसल्या याची थोडी तरी चव घेता येईल का?

येईल. पोरांना मी हेच करायला सांगते. यूएसबीला लावायचा एक एसडीआर डोंगल मिळतो, तो लावला की संगणकच रेडिओ होतो, तो घ्या. तारेच्या दोन तुकड्यांची व्ही आकाराची अँटेना घरी होते, १३७ मेगाहर्ट्झसाठी प्रत्येक तुकडा साधारण ५३ सेंटीमीटर. रशियाचे मेटिऑर-एम हे हवामान उपग्रह याच पट्ट्यात चित्रं पाठवतात. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचा हौशी रेडिओ १४५.८०० मेगाहर्ट्झवर असतो, नेहमी चालू असतोच असं नाही, पण अधूनमधून ते चित्रंही पाठवतात. ऐकायला एवढं पुरे. स्वतः बोलायचं असेल तर हॅम, म्हणजे हौशी, रेडिओची परीक्षा देऊन परवाना काढावा लागतो.

जागा गच्चीवर, पाण्याच्या टाकीपासून आणि टिनाच्या शेडपासून दूर. घरातला इन्व्हर्टर आणि स्वस्तातले एलईडी दिवे रेडिओत फार खरखर आणतात, तेवढा वेळ बंद करा. मे महिन्यात लॅपटॉप उन्हात ठेवू नका, संध्याकाळचे किंवा रात्रीचे पास निवडा. पासची वेळ सांगणारी अ‍ॅप फुकट मिळतात, त्यात ठिकाण नागपूर टाका आणि जो पास साठ अंशांच्या वर जातो तोच पहिल्यांदा घ्या. खालचे पास इमारतींत अडकतात.

आणि वही ठेवा. तारीख, उपग्रहाचं नाव, सिग्नल कधी आला, कधी गेला, मध्ये काय झालं. वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहा, आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून. माझ्याकडे येणार असाल तर ती वही घेऊन या, आपण ती आधी बघू आणि मग बाकीचं बोलू.